मचाण असं बांधा, की उजाडेपर्यंत खाली उतरायची गरज पडू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साकोलीजवळ वडिलोपार्जित साडेतीन एकर शेत, एका अंगाला थेट जंगल. खरिपात धान, मागून थोडा हरभरा. रात्री चितळं आणि रानडुकरं उतरतात. वडील ६४ वर्षांचे, गुडघे दुखतात, तरी जागलीला (रात्री पीक राखायला) जातात आणि धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) खोपडीत जमिनीवर बसतात. त्यांच्यासाठी आरामशीर मचाण बांधायचंय. पीक निघालं की त्याच मचाणावर बसून तुम्हाला चितळं पाहायची आहेत. अमेरिकेतल्या भावाने तिथल्या हरणांच्या शिकारीसाठी बांधलेल्या लाकडी खोलीचे फोटो पाठवलेत, तसं काही जमेल का?

मी नागभीडकडचा. तीस वर्षं जागल केली आणि स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या शेतांत मिळून पंधरा-सोळा मचाणं उभी केली. सगळ्यात आधी एक सांगतो: वडिलांना जमिनीवरच्या खोपडीत बसू देऊ नका. मचाण होईल तेव्हा होईल, तोवर जागल बंद ठेवा. धान गेलं तर पंचनामा होतो, नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूच्या शेतांत बिबट आणि अस्वल ही रोजची गोष्ट आहे, वाघही फिरतो. खाली वाकून किंवा उकिडवा बसलेला माणूस अंधारात लहान जनावरासारखा दिसतो.

आता आरामाबद्दल. तुम्ही 'आरामशीर' हा शब्द जरा संकोचून लिहिलाय, जणू काही चैन मागताय. मी जेवढे अपघात जवळून पाहिले, त्यातले बहुतेक मचाणावर झाले नाहीत. ते माणूस खाली उतरला तेव्हा झाले. कुणी लघवीला उतरला, कुणी थंडी सोसेना म्हणून शेकोटी पेटवायला, कुणाच्या पायाला मुंग्या आल्या म्हणून दोन पावलं चालायला. म्हणून मचाण बांधताना मी एकच कसोटी लावतो: संध्याकाळी चढलेल्या माणसाला उजाडेपर्यंत उतरायचं कारण पडू नये. उंची, बैठक, छप्पर, शिडी, सगळं या एका गोष्टीवरून ठरवा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसवतो, तिथेही हाच नियम असतो: दुपारी चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं.

भावाने पाठवलेल्या फोटोंतून दोन गोष्टी घ्या. एक, आवाज होऊ नये म्हणून जमिनीवर घातलेला गालिचा. दुसरी, पाठ टेकेल अशी खुर्ची. बाकी ती चारी बाजूंनी बंद खोली आपल्या कामाची नाही. तिथला शिकारी उजेडात डोळ्यांनी पाहतो, आपली जागल कानांनी होते. डुकरं बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, शिरली की चिखलातली चपचप आधी ऐकू येते, चितळांनी लोंब्या ओरबाडल्याचा खसखस आवाज येतो. बंद खोलीत हे काहीच पोचत नाही. शिकारीचं म्हणाल तर आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने ती बंद आहे, जमीन स्वतःची असली तरीही. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत कायद्यात परवानगीची वाट आहे, पण ती वनविभागाच्या लेखी आदेशातून जाते, तुमच्या-माझ्या ठरवण्यातून नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं. तेव्हा चितळं जवळ यावीत म्हणून मचाणासमोर मिठाचा खडा ठेवणं किंवा मोहफुलं टाकणं, असलं काही करू नका. शेत जंगलाला लागून आहे, म्हणून बांधायच्या आधी तुमच्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला शेतावर बोलवा आणि जागा दाखवा. नंतरच्या शंका त्यातच मिटतात.

जागा ठरवायला दोन दिवस द्या. जनावरं कुठून शिरतात ते ओल्या बांधीत खुरांवरून दिसेलच. त्या वाटेच्या तोंडावर मचाण नको, ३० ते ४० पावलं बाजूला असू द्या. तुमचा मुख्य अडथळा वारा आहे. कोजागिरीनंतर आपल्याकडे वारा बहुतेक उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो. चितळाचं नाक फार तेज. जंगल जर उत्तरेला असेल तर दक्षिणेच्या धुऱ्यावर मचाण ठेवा, म्हणजे वारा जंगलाकडून तुमच्याकडे येईल. रात्री याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. ऊन उतरल्यावर थंड हवा उतारावरून बोडीकडे (लहान तळ्याकडे), नाल्याकडे ओघळते. दिवसा वारा नीट वाटलेली जागा रात्री तुमचाच वास थेट बोडीवर नेऊन टाकते. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिथे उभं राहून सावरीचा चिमूटभर कापूस सोडून बघा, कुठे जातो ते कळेल.

आता तुमच्या दोन हेतूंत एक विरोध आहे, तो समजून घ्या. जागलीला मचाण जनावरांना कळलेलं चांगलं. माणसाचा वास, खाकरणं, उजेड, हीच तर राखण. चितळं पाहायला मात्र तेच मचाण मुकं आणि बिनवासाचं हवं. दोन्ही एकदम साधत नाही, पण हंगाम वेगळे असल्यामुळे निभतं. कठड्याच्या वरचे तट्टे (बांबूच्या विणलेल्या चटया) काढता-घालता येतील असे करा. धान आणि हरभरा उभा असताना वरचे तट्टे काढून मोकळं बसा. पीक घरी आलं की तट्टे लावा, वर फट ठेवा, आणि तीन-चार दिवस कुणीही मचाणाकडे फिरकू नका. चितळं नव्या आकाराला बिचकतात आणि तो हलत नाही असं दिसलं की विसरतात.

मोहाच्या झाडावरच बांधू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण गावात कुणीतरी सुचवणारच. वडिलांसाठी नको. झाड वाऱ्यावर हलतं, लाल मुंग्या असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलं गळायला लागली की खाली अस्वल येतं. अस्वल झाडावर चढतं हेही लक्षात ठेवा. चार खांबांचं उभं करा.

खांबांसाठी माझी पसंती पडक्या कवेलूच्या घरातल्या जुन्या सागवानी खांबांना आहे. आपल्या भागात अशी घरं सतत मोडली जातात. पन्नास वर्षं मुरलेलं लाकूड, ना वाकतं ना तडकतं. ते न मिळाल्यास लाकडाच्या डेपोतून बल्ल्या (गोल खांब) घ्या आणि पावती जपून ठेवा. स्वतःच्या धुऱ्यावरचं सागाचं किंवा मोहाचं झाड परवानगीशिवाय तोडू नका, १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ती झाडं येतात. बांबूचं तसं नाही. खाजगी जमिनीवरच्या बांबूला २०१७ पासून झाडाच्या व्याख्येतून वगळलं आहे.

वर मचाणाची जमीन सहा फूट बाय सात फूट ठेवा, म्हणजे एक जण आडवा होऊ शकतो आणि दुसरा बसू शकतो. उंची दहा ते बारा फूट. त्याहून वर गेलात की डोलायला लागतं आणि वडिलांना चढणं जड जाईल. खांब सरळसोट उभे करू नका. बुडाशी दोन्ही बाजूंना फूटभर जास्त अंतर ठेवून वर किंचित आत झुकवा, स्टुलाचे पाय फाकलेले असतात तसे. खड्डा तीन फुटांचा. तुमची जमीन कन्हार, म्हणजे भारी काळी, असेल तर फार जपा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि खांब दर वर्षी थोडा थोडा उपटत जाते. मुरूम लागेपर्यंत खणा, तळाशी चपटा दगड ठेवा, आणि खड्डा दगड-मुरमानेच ठोकून भरा, निघालेली काळी माती परत घालू नका. मोरांड किंवा सिहार, म्हणजे त्याहून हलकी, जमीन असेल तर एवढा त्रास नाही. खांबाचा जमिनीत जाणारा भाग आणि वर वीतभर डांबर लावून घ्या. खांब कुजतो तो नेमका मातीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. खांब उभे झाले की चारी बाजूंना तिरप्या कैच्या मारा. कैची नसलेलं मचाण उभं दिसतं, पण दोन माणसं एकदम एका बाजूला सरकली की कळतं.

बाकी सगळं बांबूचं. खालच्या आडव्यांना मानवेल घ्या, तो आतून जवळपास भरीव असतो. कटांग जाड असतो पण पोकळ, तो कठड्याला आणि छपराच्या वाशांना चालेल. बांबू तीन वर्षांच्या वरचा हवा, आणि पावसाळ्यात तोडलेला मुळीच नको. माझं पहिलं मचाण मी भाद्रपदात तोडलेल्या कोवळ्या बांबूचं केलं होतं. घाई होती, धान पोटरीत आलं होतं. दुसऱ्या वर्षी आडव्यांखाली रोज पिठासारखी पूड पडायला लागली, मी ती झाडून टाकत राहिलो. पौषातल्या एका रात्री आडवा बांबू मधोमध बसला आणि माझा भाचा कमरेपर्यंत खाली लोंबकळला. त्याच्या मांडीवर अजून व्रण आहे. भुंग्याला बांबूतली गोड साखर हवी असते, आणि ती पावसाळ्यात नव्या कोंबांच्या वेळी जास्त असते. म्हणून हिवाळ्यात तोडा. अंधाऱ्या पक्षात तोडावा असं जुने लोक सांगतात, मीही तसाच तोडतो.

तोडल्यावर आतल्या पडद्यांना लांब सळईने भोकं पाडून बांबू बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवा. १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स, २ किलो बोरिक अॅसिड. आठ-दहा दिवस बुडवून ठेवा आणि मग सावलीत उभा करून वाळवा. हे औषध पावसाने धुऊन जातं, त्यामुळे छपराखालच्या भागाला उत्तम, पण जमिनीत गाडायच्या बांबूला त्याचा उपयोग नाही. ते पाणी बोडीत किंवा बांधीत ओतू नका.

बांबूला खिळा ठोकला की तो चिरतो. गिरमिटाने भोक पाडून बोल्ट घाला आणि वरून तारेने आवळा. सांध्यात सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घाला. रात्री बांबूवर बांबू घासून जो कुरकुर आवाज होतो, तो या पट्ट्यांनी जवळपास जातो. मचाणाच्या जमिनीला अर्धे चिरलेले बांबू, त्यावर तट्टा, त्यावर बारदाना, त्यावर सतरंजी. तणस (धानाचा पेंढा) अंथरू नका. ऊब छान असते, पण तणशीत उंदीर येतात आणि उंदरामागे साप. शिवाय कूस बदलली की सगळ्या शेताला कळतं.

छप्पर गवताचं करा, आत ताडपत्री. टिनाचं टाळा. दिवसभर तापलेलं टिन रात्री थंड होताना तडतड वाजतं, दव टपकलं तरी वाजतं, आणि कान तिकडेच लागून राहतात.

बैठक हा माझ्या मते अर्धा मचाण आहे. आपल्याकडे मांडी घालून बसायची सवय, पण गुडघे दुखणाऱ्याला रात्रभर मांडी घालवत नाही, आणि पाय पसरले की कंबर धरते. बाजेसारखी विणलेली, पाठीला टेकण असलेली बैठक करा. टेकण थोडं मागे कलतं. पुढे पाय ठेवायला आडवा बांबू द्या, म्हणजे मांडीखालचा दाब कमी होतो आणि पायांना मुंग्या येत नाहीत. उठताना धरायला उजव्या हाताशी उभा दांडा हवा. कठडा तीन फुटांचा, चारी बाजूंनी. पाहायची फट आठ-दहा बोटं रुंद पुरे. तुमच्या पाठीमागे काळं घोंगडं टांगा, नाहीतर मागच्या आभाळावर डोक्याचा आकार उमटतो. चितळाला स्थिर गोष्ट चटकन ओळखता येत नाही, पण हलणारं डोकं ते फार लांबून टिपतं.

शिडी मागच्या बाजूने, उभी नको, जिन्यासारखी तिरपी. पायऱ्या नऊ इंचांवर, चपट्या लाकडाच्या, दोन्ही हातांना कठडा. वडिलांच्या गुडघ्यांसाठी इथे पैसे खर्च करा. खालचा चार-पाच फुटांचा तुकडा वेगळा ठेवून दोरीने वर ओढून घेता यायला हवा, आणि वरच्या भोकाला झाकण हवं. झोपेत त्या भोकातून पडलेली माणसं आहेत. सामान हातात घेऊन चढायचं नाही, वर गेल्यावर दोरीने ओढायचं. चारी खांबांना जमिनीपासून चार फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. उंदीर आणि साप त्यावरून घसरतात. शिडीचा तुकडा वर ओढलेला नसेल तर मात्र पत्र्याला काही अर्थ नाही. बिबट्याला उंचीची भीती नसते. त्याला खाली गुंतवणारं काही नसणं महत्त्वाचं. म्हणून मचाणाखाली कुत्रा बांधू नका. सोबत म्हणून लोक बांधतात, आणि बिबट नेमका त्याच्यासाठी येतो.

मच्छरदाणी लावाच, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. आपल्या भागात मलेरिया आहे, आणि मण्यार झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा पुष्कळदा कळतसुद्धा नाही.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. मचाणावर थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते, कारण मचाणाच्या जमिनीखाली मोकळी हवा खेळत असते. दोन घोंगड्या असतील तर एक खाली घाला. घमेल्यात निखारे घेऊन वर जाऊ नका. खाली बांबू, वर गवत, आणि ताडपत्री लावून बसलात तर निखाऱ्यांच्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो. गरम पाण्याची पिशवी न्या. लघवीसाठी रुंद तोंडाचा झाकणाचा डबा, पाणी, खोकल्याला सुंठ-गूळ, आणि खायला कापडात बांधलेली पोळी-चटणी. चुरचुरणारी पिशवी नको. मोबाइल चार्ज केलेला, त्यात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक. बॅटऱ्या दोन: हाकायला एक झोताची आणि मचाणावर वावरायला लाल काचेची. लाल उजेड चितळांना फारसा जाणवत नाही आणि आपलेही डोळे दिपत नाहीत.

उतरायचं नाही या नियमाला एकच अपवाद आहे: वीज. मोकळ्या बांध्यांत मचाण ही सगळ्यात उंच गोष्ट असते. ढग दिसले तर त्या रात्री चढूच नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप वडिलांच्या फोनमध्ये टाकून द्या आणि संध्याकाळी बघायची सवय लावा. पावसाळ्याच्या शेवटी, ऐन धान भरण्याच्या दिवसांत, हे फार सांभाळायचं आहे.

आणि कुंपणात वीज सोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या तारेला चितळ लागण्याआधी पंप सुरू करायला निघालेला शेजारी लागतो. सौर कुंपणाचा झटका वेगळा असतो, थांबून थांबून बसतो, त्याने सहसा जीव जात नाही. त्यासाठी अनुदानही मिळतं, वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. कुंपण झालं की जागल निम्मी होईल.

वर बसल्यावर वडिलांना बाकी काही शिकवायची गरज नाही, ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जाणतात. एक गोष्ट मात्र एकमेकांना बोलून ठेवा. चितळं धानात असतील तर डबा वाजवा, हाळी द्या, शेजारच्या मचाणावरून उलट हाळी येऊ द्या. पण जंगलाच्या कडेला चितळ तीक्ष्ण आवाजात पुन्हा पुन्हा ओरडू लागलं आणि माकडंही खोकरली, तर ती हाक पिकासाठी नाही, वाघ-बिबट जवळ आल्याची आहे. तेव्हा शिडी वर आहे ना एवढं बघायचं आणि बसून राहायचं. त्या रात्री शेतात काहीही शिरलं तरी शिरू द्या.

कामाला सुरुवात अशी करा: वडिलांना घरातल्या वेगवेगळ्या उंचीच्या पाटांवर, स्टुलांवर बसवा. कुठल्या उंचीवरून ते हात न टेकता उठतात, ते मोजा. तीच बैठकीची उंची. मग त्यावर बसलेल्या त्यांच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजा, फट तिथे. हे दोन आकडे आणि शेताचा साधा नकाशा, जंगल कुठल्या दिशेला आणि बोडी कुठे ते लिहून, मला पाठवा. खांब कुठे गाडायचे ते मी खूण करून देतो. बांबू मात्र आत्ताच बघून ठेवा, म्हणजे हिवाळ्यात तोडून उन्हाळ्यापर्यंत वाळलेला मिळेल.